ती मुंगी लाल होती

पावसाळा सुरू झाला की शाळा गच्च भरतात आणि उन्हाळ्यात आंबे, बर्फाचे गोळे खाऊन कुरकुरणाऱ्या दाढा एकदम बोलू लागतात. या महिन्यातल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. सगळ्यांचं गाऱ्हाणं साधारण एकच आहे. लेकराची दाढ काढायची आहे आणि लेकरापेक्षा घर जास्त घाबरलंय.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. खालची दुधाची दाढ किडून गालावर सूज आली होती. एका दवाखान्यात इंजेक्शन देऊन दाढ काढायला घेतली, पण तो इतका ओरडला की अर्ध्यातच सोडून द्यावं लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध देऊन परत बोलावलंय. काही मुलांना भूल लागतच नाही, असं असतं का? (एक आई, कराड)

ताई, इतक्या वर्षांत भूल कधीच लागली नाही असं मूल माझ्या खुर्चीत बसलेलं मला आठवत नाही. एखाद्या दिवशी, एखाद्या जागी ती लागत नाही, हे मात्र अनेकदा पाहिलंय. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला संशय आहे तो त्या सुजेचा.

आपण जे इंजेक्शन देतो ते बहुतेक वेळा लिग्नोकेनचं असतं. ते नसेच्या आवरणातून आत शिरलं तरच नस झोपते. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा जागी औषधाचं जे रूप आत शिरू शकतं, ते फार थोडं उरतं. पाहुणे अंगणात येऊन उभे आणि घराला आतून कडी, असा प्रकार होतो. शिवाय सुजलेल्या जागी रक्त जास्त वाहतं, ते औषध लवकर वाहून नेतं. मग डॉक्टर आणखी टोचतात, मूल आणखी रडतं, आणि आई बाहेर बाकावर बसून ठरवते की आपल्या पोराला भूलच लागत नाही.

यावर वाटा दोन. सुजेपासून लांब, जबड्याच्या मागच्या बाजूला जिथून मुख्य नस आत जाते तिथे औषध द्यायचं, किंवा आधी सूज उतरवून घ्यायची. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरलेली दिसते आणि त्यात चूक काही नाही. पण ते पाच दिवसांचं औषध दाढ बरी करत नाही, हे ध्यानात ठेवा. सूज उतरते, मूल अंगणात खेळायला लागतं आणि घरचे दवाखाना विसरतात. दोन महिन्यांनी तीच सूज रात्री दोन वाजता परत येते. दिलेल्या तारखेला जा. मधल्या काळात गाल बाहेरून शेकू नका. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, ताप चढला, गिळताना त्रास होऊ लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

आता ओरडण्याविषयी. भुलीने दुखणं थांबतं, दाबल्याचं मात्र कळत राहतं. दाढ हलवताना जबड्यावर जोर येतो, कानाशी करकर ऐकू येते, आणि सहा वर्षांच्या जिवाला ‘दाबतंय’ आणि ‘दुखतंय’ यांतला फरक कुणी शिकवलेला नसतो. मी आधी त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या बोटांनी घट्ट दाबते आणि सांगते, ‘हे असं आज होणार. टोचल्यासारखं झालं तर डावा हात वर कर, मी थांबेन.’ मग औषध दिल्यावर पाचेक मिनिटं गप्पा मारत बसते. घाईची भूल ही अर्धी भूल. त्यानंतर हिरडीला दोन्ही बाजूंनी टोकदार हत्याराने हळूच डिवचून बघते, आधी झोपलेल्या बाजूला आणि मग जाग्या बाजूला, म्हणजे फरक त्यालाच कळतो. तरी हात वर झाला तर थांबायचं. खरंच थांबायचं. एकदा जरी हात वर असताना पक्कड पुढे गेली, तर ते मूल पुढची दहा वर्षं कुठल्याच दाताच्या डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. चौघांनी हातपाय धरून दाढ निघते, मी नाकारत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीही ते केलंय. आता करत नाही.

दाढ काढल्यावर ती जागा राखण्यासाठी तार बसवायची का, हे त्यांना जरूर विचारा. त्या जागी पक्का दात दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत येत नाही.

प्रश्न : नातीची वरची दाढ काढायची आहे. वरचा दात काढला की नजर अधू होते असं आमच्याकडे म्हणतात. आणि भुलीचं औषध कोवळ्या मेंदूला चालतं का? (एक आजोबा, बार्शी)

आजोबा, डोळ्याने पाहण्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. दात काढून नजर जात नाही. उलट वरच्या दाढेत पू ठेवून दिला तर सूज डोळ्याखाली चढते, त्याची भीती बाळगा.

‘भूल’ या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ होतो. नात बेशुद्ध होणार नाही. तिला ऐकू येईल, ती बोलेल, तुमच्याकडे बघेल. बधिर होईल ती फक्त हिरडी आणि गाल. लिग्नोकेन हे औषध नवं नाही. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते 1943 साली तयार केलं आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्याच अंगात टोचून पाहिलं होतं. जपायचं असतं ते प्रमाण. मुलाच्या दर किलो वजनामागे जास्तीत जास्त 4.4 मिलिग्रॅम, असा हिशेब आम्ही धरतो. नात 15 किलोची असेल तर 66 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दोन टक्के औषधाचे 3.3 मिलिलिटर. एका दाढेला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. म्हणूनच माझ्या दवाखान्यात दारातच वजनकाटा आहे. ‘एका दमात चारही बाजूंच्या दाढा काढून टाका’ असा आग्रह मात्र धरू नका. नातीला हृदयाचा, यकृताचा काही त्रास असेल किंवा झटके येत असतील तर ते आधी सांगा.

प्रश्न : काल मुलाची खालची दाढ काढली. संध्याकाळी ओठ सुजून टम्म झाला, आज त्यावर पांढरा थर आहे. औषधाची रिअॅक्शन असेल का, की पू झालाय? (एक आई, डोंबिवली)

बहुधा त्याने ओठ चावलाय. खालच्या जबड्याची नस झोपवली की अर्धा ओठ दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त, बधिर राहतो. मुलांना ती मोठी गंमत वाटते. ‘माझा ओठ पावाएवढा झालाय,’ असं एक जण मला म्हणाला होता. आरसा दाखवला तेव्हा त्याची निराशाच झाली. मग ती गंमत दातांखाली घेऊन चघळली जाते आणि दुखत नसल्याने थांबायचं सुचत नाही.

पांढरा थर म्हणजे जखमेवर धरलेली साय समजा. खरवडू नका. मीठ घातलेल्या कोमट पाण्याने चूळ, ओठाला व्हॅसलीन, तिखट आठवडाभर बंद. आठ-दहा दिवसांत भरून येतं. सूज उद्या-परवा वाढतच गेली किंवा ताप आला तर दाखवून या.

यात आमचीही चूक असते. मी पूर्वी हे जाता जाता तोंडी सांगायची, आणि त्या वेळी आईचं लक्ष पर्समधल्या सुट्ट्या पैशांत. एका मुलाने दवाखाना ते घर एवढ्या रिक्षाच्या प्रवासात ओठ पार कुरतडला. तेव्हापासून मी मुलाच्या मनगटावर बॉलपेनने लिहिते, ‘ओठ झोपलाय, 2 वाजेपर्यंत’. मुलं ते घड्याळासारखं मिरवतात, आणि घरच्या सगळ्यांच्या नजरेला पडतं.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची, वजन 16 किलो. परवा दाढ काढायची आहे. तिला ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेणार आहे. उपाशी न्यावं का? आणि नंतर दुखलं तर घरात निमेसुलाईडच्या गोळ्या आहेत, अर्धी देऊ का? (एक बाबा, सिन्नर)

शेवटच्यापासून सुरू करते. ती गोळी देऊ नका, अर्धीही नाही आणि पावही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाईडवर आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे. अॅस्पिरिनही मुलांना नको. पॅरासिटामॉल चालतं, एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला 160 ते 240, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. पण त्याच्या बाटल्या दोन-तीन ताकदींच्या मिळतात, कुठे 5 मिलिलिटरमध्ये 120 तर कुठे 250. बाटलीवरचा आकडा वाचा, डॉक्टरांना विचारा आणि सोबतच्या मापानेच द्या, पोह्यांच्या चमच्याने नको. पहिला डोस भूल उतरायच्या आधीच पोटात गेलेला बरा. दुखायला लागल्यावर धावण्यापेक्षा ते सोपं जातं. लवंगेचं तेल कोवळ्या हिरडीला भाजतं. मशेरीविषयी बोलायलाच नको, पण अजूनही पाच वर्षांच्या पोराच्या दाढेत ती दाबलेली सापडते.

जागेवरची भूल असेल तर उपाशी नेऊ नका. सकाळची वेळ घ्या, उपमा-पोहे खाऊन या. पूर्ण बेशुद्ध करायचं ठरलं असेल तर नियम वेगळे, ते तिथले डॉक्टर सांगतील.

आणि ‘फिरायला जाऊ’ सांगू नका हो. मी स्वतः या बाबतीत हात पोळून घेतलेत. सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांना ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ असं सांगायची, सगळेच सांगतात. शेतावरून आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘लाल की काळी?’ मी म्हटलं, काळी. इंजेक्शन झालं. ती रडली नाही. डोळे भरलेले, आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, ‘ती लाल होती.’

त्या दिवशी मी मुंगी सोडली. आता सांगते, ‘टोचेल, मी पाच म्हणेपर्यंत. मग दाढ झोपेल.’ त्याआधी हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारं जेल मिनिट-दोन मिनिटं ठेवते, त्याने वरचं कातडं सुन्न होतं. सुई बारीक घेते, टोचताना गाल हलवत राहते, आणि औषध अगदी सावकाश सोडते, मिलिलिटरला निदान एक मिनिट. घाईने सोडलं की आतलं मांस ताणतं, आणि सुईपेक्षा तेच जास्त दुखतं. टाळूवर तर फारच, तिथे कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांना हळू द्यायला सांगायला संकोच करू नका.

घरी एवढंच सांगा, ‘दाढेत कीड आहे, डॉक्टर दाढ झोपवून काढणार आहेत, मी जवळ आहे.’ ‘सुई’ हा शब्द तुम्ही काढू नका, तो आमच्यावर सोडा. तिने विचारलं तर नाही म्हणू नका. ‘जेवली नाहीस तर डॉक्टर टोचतील’ हे घरात कुणी म्हणत असेल तर आजच बंद करा. आजी हळव्या असतील तर त्यांना परवा घरीच राहू द्या. आणि निघताना दात मागून घ्या. आम्ही धुऊन कागदाच्या पुडीत देतो, उंदीरमामाला द्यायचा असतो.