गवती चहा आणि वाळा एकच का? माठात नेमकं काय टाकायचं?

माठात वाळा. दोन्ही सुगंधी गवतंच, पण गवती चहाचा वास पातीत असतो आणि वाळ्याचा मुळांत. म्हणून पाती माठात टाकून काही साधत नाही.

वाळ्याची जुडी नाशिकमध्ये रविवार कारंजा परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात मागा. मुळं आधी दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवा, बरीच माती निघते. मग फडक्यात सैल बांधून माठात सोडा. दोन-तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवायची आणि पुन्हा वापरायची. वास गेला की बदला. आणि हो, बाटलीतलं हिरवंगार खस (म्हणजे वाळ्याचं) सरबत बघून फसू नका. वाळ्याचं मूळ तपकिरी असतं, तो हिरवा रंग वरून घातलेला.

गवती चहा कुंडीत सहज येतो. भाजीवाल्याकडच्या जुडीत मुळं शाबूत असलेला ठोंब दिसला तर तोच पावसाळ्यात लावून टाका. आपल्याकडच्या थंडीत वाढ मंदावते, घाबरू नका, होळीनंतर पुन्हा फुटतो. पात कात्रीने कापा, कडा बोट चिरतात. चहासाठी दोन पात्यांची गाठ मारून आल्याबरोबर पाण्यात उकळा, दूध नंतर. लिंबासारखा जो वास येतो तो सिट्राल या सुगंधी द्रव्याचा. त्याच्या तेलात साधारण ७०-८० टक्के तेच असतं, म्हणून साबणांतही जातं.

वाळा मात्र कुंडीत लावू नका. त्याची मुळं तीन-चार मीटर खोल जातात, शेताच्या बांधावरच शोभतो तो.