बाहेरच्यांचं ऐकल्यानं संस्था टिकते का विस्कटते?

तुम्ही विचारायलात की बाहेरच्यांचे सल्ले घेतले तर संस्था मजबूत होते का तिची घडी मोडते. माझं मत, मजबूतच होते, पण आलेली गोष्ट आपल्या मातीत मुरवावी लागते.

जालन्याजवळचं कडवंची गाव बघा. 1996 ला तिथं भारत-जर्मनीच्या इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवायचं काम सुरू झालं, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र सोबत होतं, आधी बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षं. जालन्यात द्राक्षं! आणि 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळायला लागल्या तेव्हा इथल्या बागा शेततळ्याच्या पाण्यावर तगल्या.

आमच्या लातूरकडच्या, शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपनीचंही तसंच. सोयाबीन वाळलं का नाही ते आमची म्हातारी माणसं दाताखाली दाणा फोडून सांगायची, आणि मालाला ओल आहे म्हणून व्यापारी दर वेळी भाव पाडायचा. एका बाहेरून आलेल्या पोरीनं ओलावा मोजायचं मशीन आणलं तर पहिल्या मीटिंगला निम्मे लोक उठून गेले, मला खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. मग आम्ही काय केलं, मशीन आणि आमचे एक काका दोघांनाही एकाच पोत्यावर बसवलं, काकांनी दाणा फोडून सांगितलं "अजून एक ऊन पाहिजे", मशीननं दाखवलं 14, म्हणजे बाजाराच्या 12 टक्क्यांपेक्षा जास्तच. त्या दिवसापासून काकाच मशीन सांभाळायलेत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.