कापलेल्या कडेची पारख

राजवाड्याजवळ भाजी घेताना मिळालेली चिल्लर तुम्ही टांकसाळीत चुकून सदोष निघालेली नाणी शोधण्यासाठी रोज चाळता, हे कळून आनंद झाला. मात्र टांकसाळीच्या खुणेला चूक समजू नका: सालाखालचे शंकरपाळे मुंबईचे, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे, आणि खूण नसल्यास नाणे सहसा कोलकात्याचे असते.

कड कापलेले नाणे हाती आले, तर भिंगातून कापाच्या अगदी समोरची किनार पाहा; नाण्याची कोरी चकती छापण्यापूर्वीच कापली गेली असेल, तर तेथील किनार बहुधा दबलेली, पुसट दिसते, आणि कोणी नंतर कानशीने घासलेले असेल, तर ती ठसठशीत राहून कापावर ओरखडे उमटलेले असतात. माझ्याकडील दोन रुपयांच्या नाण्यावर ही पुसट किनार स्पष्ट ओळखू येते. असे नाणे चिंचेने मुळीच घासू नका. गेलेली मूळ झळाळी परत येत नाही.