कोऱ्या अर्जावर सही देऊ नका : मालकी तोडीचं प्रकरण कुठे अडतं

गुहागरकडच्या वडिलोपार्जित जमिनीतले खैर आणि थोडे ऐन-किंजळ तोडायचेत, तोड परवानगीचं प्रकरण त्रुटी काढून परत आलंय आणि ठेकेदार म्हणतो, "कोऱ्या अर्जावर सही द्या, बाकीचं मी बघतो." तुमचा प्रश्न एवढाच आहे ना? मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. अशी प्रकरणं तपासण्यातच बरीच वर्षं गेली. म्हणून आधी सांगतो, सही देऊ नका. अर्जदार तुम्ही आहात. उद्या जास्तीचं झाड पडलं तर जबाब तुमचा घेतला जाईल, ठेकेदार तेव्हा दुसऱ्या तालुक्यात असेल.

खैर, ऐन, किंजळ ही तिन्ही 1964 च्या झाडतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. (आंबा-फणसही आहेत, हे ऐकून घरचे लोक चक्रावतात!) त्यामुळे झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागतेच.

आता कागद. सातबारा ताजा काढा आणि 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. तिथे खाजगी वनाचा शेरा असेल तर थांबा. 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झालेल्या खाजगी वने संपादन कायद्याचा तो विषय आहे, तोडीच्या अर्जाने सुटत नाही. मयत आजोबांचं नाव अजून असेल तर आधी वारस नोंद. सहहिस्सेदार मुंबईत असोत की दुबईत, प्रत्येकाची संमती लेखी हवी. "काका काही बोलणार नाहीत" हा कागद नव्हे.

पण खरं प्रकरण मोडतं ते झाडांच्या यादीवर. एकदा माझ्याकडे 62 खैरांची यादी आली. घेराचे सगळे आकडे पाचाच्या पटीत: 60, 75, 90. झाड काही असं हिशेबाने वाढत नाही. जागेवर गेलो तर मालकाच्या हद्दीत 41 निघाले, बाकीचे वहाळापलीकडे सरकारी जागेत! यादी ठेकेदाराने घरी बसून केलेली, मालकाने न वाचता सही ठोकलेली. बिचाऱ्याला खुलासे देता देता नाकीनऊ आले.

म्हणून हद्द पक्की नसेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मग टेप घेऊन स्वतः फिरा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर घ्या, झाडावर क्रमांक टाका आणि तोच यादीत लिहा. तपासणाऱ्यानेही जागेवरच यायला हवं. कुणी गाडीतून न उतरता पंचनामा लिहायला लागला तर नम्रपणे सोबत चला म्हणा. त्याची सवलत पुढे तुम्हालाच महागात पडते. तपासणीचा शिक्का झाडाच्या बुंध्याशी खाली मारलाय ना, तेही बघा. झाड पडल्यावर खुंटावर तोच पुरावा उरतो.

परवाना मिळाला म्हणजे माल हलवता येतो असं नाही, वाहतूक पास वेगळा. पासावरचा गाडी नंबर, नगसंख्या आणि मुदत गाडी भरतानाच जुळवा. मुदत रात्री संपणार असेल तर गाडी सोडूच नका.

तुमच्या त्रुटीपत्रातले मुद्दे इथे टाका, नाव-गट नंबर झाकून. मग नेमकं सांगता येईल.