मक्यात पाणी तुंबलं, पीक पिवळं पडलं, परत युरिया टाकायचा का?

बऱ्याच जणांनी हेच विचारलंय, की मक्याला युरिया देऊन आठ-दहा दिवस झाले, मग पावसाचं पाणी तुंबलं आणि पीक पिवळं पडलं, आता परत युरिया फेकायचा का आणि जिवाणूंच्या बाटल्या आणायच्या का.

पाणी उभं असताना अजिबात फेकू नका भाऊ. युरियाचं जमिनीत काही दिवसांत अमोनियम होतं आणि ते काळ्या मातीच्या कणांना धरून बसतं, लगेच वाहून जात नाही. पुढचं काम जिवाणूंचं, नायट्रोसोमोनास अमोनियमचं नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात, यातूनच त्यांना ऊर्जा मिळते, पण ऑक्सिजन नसेल तर हे सगळे ठप्प. आणि मका नत्र उचलतो ते जास्त करून नायट्रेटच्या रूपात. त्यात पाणी साचलं की दुसरेच जिवाणू चालू होतात, ते आधी तयार झालेल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि तुमचं नत्र गॅस होऊन उडतं, थोडं नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली पण जातं. वर मुळंही गुदमरलेली, मग पान पिवळं पडणारच.

म्हणून पहिलं काम चर काढून पाणी बाहेर काढा. मुळं लगेच नीट चालत नाहीत म्हणून 19:19:19 या पाण्यात विरघळणाऱ्या नत्र-स्फुरद-पालाश खताची फवारणी घ्या, 10 लिटरला 100 ग्रॅम. वापसा आला की कोळपणी करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, हवा आत गेली की जिवाणू आपोआप कामाला लागतात. त्यानंतरच, पीक दीड महिन्याच्या आतलं असेल तर, एकरी अर्धी गोणी युरिया ओळीजवळ देऊन मातीआड करा, कारण आपल्या चुनखडीच्या जमिनीत वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. युरिया निमकोटेड असतो, निंबोळी तेलामुळे नायट्रोसोमोनासचं काम हळू चालतं आणि नत्र जास्त दिवस टिकतं, पण तुंबलेल्या पाण्यापुढे त्याचाही इलाज नाही.

बाटलीचं म्हणाल तर यासाठी पैसे घालू नका, हे जिवाणू जमिनीत असतातच. अॅझोटोबॅक्टर वेगळा, तो हवेतलं नत्र धरतो. शेणखत टाकत राहिलात तर माती भुसभुशीत राहते, पाणी पण लवकर निचरतं.

आणि हो, हे भाताला लावू नका, भात जास्त करून अमोनियमच उचलतो, त्याला उभ्या पाण्यात नायट्रेटवालं खत दिलं तर तेच वाया जातं.