“पोरगी आपलं सगळं सोडून चालली”

जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका वडिलांचं हे वाक्य. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या हिंदू पालकांची ही नेहमीची काळजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी आठवीत. आजीनं रस्त्यात सिंधीतून हाक मारली तर ओ देत नाही. चालिहोच्या, म्हणजे झुलेलालच्या चाळीस दिवसांच्या व्रताच्या पूजेला यायचं टाळते, शेजारी कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या गाण्यांना मात्र उशिरापर्यंत बसते. कुटुंब ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेलं. त्या तारखेपर्यंत आलेल्यांसाठीच असलेल्या २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत ते बसत नाही, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतं.

मुलीशी एकटीशी बोलले. आजीनं तिला सिंधी लिहायला शिकवलं होतं, तिकडच्या अरबी लिपीत. वहीच्या मागच्या पानावरची ती अक्षरं वर्गात कुणीतरी पाहिली. एप्रिल २०२५चे दिवस होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याच्या बातम्या सतत चालू होत्या. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते, पण वर्गातल्या पोरांना हे कोण सांगणार? ‘ए पाकिस्तानी’ सुरू झालं. तिनं पान फाडलं आणि घरी चकार शब्द काढला नाही. “पप्पांना आधीच टेन्शन असतं.”

हीच मुलगी आजीनं पहिला घास घेतल्याशिवाय जेवत नाही. वडिलांचे सरकारी अर्ज तीच भरते, दवाखान्यात आजीचं दुखणं तीच मराठीत सांगते. मोठ्यांना जपायची घरची शिकवण तिनं इतकी उचलली आहे की स्वतःचं दुखणंही गिळून टाकलं. संस्कार सुटल्याची खूण मला कुठेच दिसली नाही. दिसली ती भीती, आणि वयाला न पेलणारं काम.

तिला विचारून मी हे सगळं वडिलांसमोर मांडलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग कामं ठरली: अर्जांसाठी सिंधी कॉलनीतला एखादा जाणता माणूस सोबत न्यायचा, वर्गशिक्षिकांना वडिलांनी स्वतः भेटायचं, आणि घरात ‘सिंधीत बोल’ हा धोशा बंद. आजीला मी एवढंच म्हटलं, तिची परीक्षा घेऊ नका, तुमच्या गावच्या गोष्टी सांगा. कानबाईला जाते तर जाऊ द्या, जमलं तर तुम्हीही जा.

चिडवणं कमी झालंय, थांबलेलं नाही. शाळेशी बोलणं चालू आहे. आजीच्या गोष्टी ती आता देवनागरीत उतरवून घेते. रस्त्यात अजून मराठीच बोलते. त्यावरून तिला टोकायचं नाही, हे वडिलांनी मान्य केलंय.