‘पाण्यासारखं’ ऑइल आणि साताऱ्याचे घाट

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि देखभाल

प्रश्न : नवी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६ ऑइल लिहिलंय. दुकानदार म्हणतात, हे पाण्यासारखं आहे, आपल्या उन्हाळ्यात आणि यवतेश्वरच्या घाटात टिकणार नाही, २०डब्ल्यू-५० टाका. कुणाचं ऐकावं?
– शाहूपुरी, सातारा

उत्तर : मॅन्युअलचं. दुकानदार तुम्हाला फसवत नाहीत. त्यांचा हात जुन्या, झिजलेल्या इंजिनांवर बसलेला आहे आणि तिथे दाट ऑइलने आवाज दबतो हे खरं आहे. तुमचं इंजिन वेगळं आहे.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते सांगतो. १०० अंशांना १६ ग्रेडची दाटी ६.१ ते ८.२ सेंटिस्टोक (दाटी मोजायचं एकक) असते, आणि ५० ची थेट १६.३ ते २१.९. म्हणजे दुकानदारांचं ऐकलंत तर पंपाला जवळपास दुप्पट किंवा त्याहून दाट ऑइल ढकलावं लागेल, तेही इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. नव्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी कमी असतात, ऑइलच्या वाटा बारीक असतात, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग, म्हणजे झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ, बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. दाट ऑइल तिथे उशिरा पोचलं की सकाळी गाडी सुरू करताना टायमिंग चेन (या झडपा चालवणारी साखळी) खडखडते, टायमिंग मागे पडतं, कधी चेक-इंजिनचा दिवाही लागतो. ॲव्हरेज कमी होतं ते वेगळंच.

उन्हाची भीती मात्र फार धरू नका. थर्मोस्टॅट ही झडप कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, ९० अंशांच्या आसपास धरून ठेवते. बाहेर मे महिन्याचे ४० अंश असोत की डिसेंबरातल्या पहाटेचे १२, गरम झालेल्या इंजिनातल्या ऑइलला त्याने थोडाच फरक पडतो. फरक पडतो तो पहाटे सेल्फ मारताना, आणि तिथे पातळ ऑइलच उपयोगी.

घाटाचं म्हणणं अगदीच खोडून काढण्यासारखं नाही. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि पसरणीची चढण असेल तर ऑइल ११०-१२० अंशांपर्यंत तापू शकतं. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा मुख्य ग्रेडशेजारी पर्यायांचा तक्ता असतो, त्यात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० दिलेलं असतं. रोज पाचगणी-महाबळेश्वर करणाऱ्याने त्या तक्त्यातला दाट पर्याय निवडावा. महिन्यातून एकदा कासला जाणाऱ्याला त्याची गरज नाही. तक्त्यात नसलेलं ऑइल वॉरंटीच्या काळात तरी घालू नका; काही बिघडलं तर पहिला प्रश्न ऑइलच्या बिलाचाच येतो.

डब्यावर ग्रेडखाली ‘एपीआय’ची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा सांगणारी अक्षरं असतात. ‘एसपी’ हा दर्जा २०२० मध्ये आला. छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जोर दिला की इंधन अवेळी पेटून पिस्टनला दणका बसतो, त्यापासून आणि टायमिंग चेनच्या झिजेपासून बचाव हे त्यातले मोठे बदल. मॅन्युअलमध्ये ‘एसएन’ लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं ‘एसपी’ बिनधास्त चालतं. ‘एसपी’ मागितलं असेल तिथे ‘एसएन’ चालत नाही. आणि ‘फुल्ली सिंथेटिक’ हे मोठ्या अक्षरांतलं वाक्य सगळ्यात शेवटी वाचा. ०डब्ल्यू-१६ हे ऑइल मुळात सिंथेटिकच असतं, त्याचे वेगळे पैसे मोजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : गाडी फक्त विश्रामबाग ते बाजारपेठ एवढीच फिरते. वर्ष होत आलं, ३,५०० किलोमीटरच झालेत. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. हे कसं?
– सांगली

उत्तर : डिपस्टिक पुसून, गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही पातळी वरच्या खुणेच्या वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरेसं तापत नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिलं जातं, त्यातलं थोडं पिस्टन रिंगांवरून खाली जातं आणि उडून जायला गरमी मिळत नाही. ज्वलनातलं पाणीही तसंच मागे राहतं. फिलर कॅपच्या आत पिवळसर-पांढरी साय दिसते ती त्याचीच. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला नीट धरत नाही आणि पुढे गाळ धरतो.

‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी’ या नियमातले १२ महिने तुमच्यासारख्यांसाठीच आहेत. तुमच्या वापराला सहा महिन्यांनी बदललं तर उत्तम. आठवड्यातून एकदा तासगाव किंवा इस्लामपूरपर्यंत गाडी सलग चालवा, निम्मं दुखणं तिथेच जाईल. ऊस वाहतुकीच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर गाडी असेल तर ऑइलबरोबर एअर फिल्टरही लवकर तपासा.

प्रश्न : २,००० किलोमीटरमध्ये ऑइल काळं झालं. निकृष्ट निघालं का?
– वाई

उत्तर : नाही. ऑइलमधले डिटर्जंट काजळी धरून ठेवतात म्हणून रंग बदलतो. रंगावरून ऑइल बदलायचं ठरवू नका.

प्रश्न : ऑइल घरी बदलायचं आहे. ४ लिटरचा डबा आणला आहे, सगळा ओतायचा का?
– कराड

उत्तर : आधी मॅन्युअलमध्ये ‘फिल्टरसह’ आणि ‘फिल्टरशिवाय’ असे दोन आकडे शोधा. १.२ लिटरच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनांत ते बहुधा ३ ते ४ लिटरच्या दरम्यान असतात, आणि डबा ४ लिटरचा म्हणून ४ लिटर ओतणं ही नेहमी दिसणारी चूक. जास्त झालेल्या ऑइलमध्ये क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) बुडून ते घुसळतो, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा, कडक गरम असताना नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घाला. गळती बहुतेक वेळा जुन्या, दबलेल्या वॉशरमुळेच होते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून पाहा, कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट लावा आणि ती टेकल्यावर हाताने पाऊण फेरा; पाना लावून आवळू नका. मग दिलेल्या मापापेक्षा ३०० मिलिलिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पाहून उरलेलं थोडं थोडं घाला. दोन खुणांच्या मध्ये असलं तरी चालतं. काढलेलं ऑइल गटारात किंवा ओढ्यात नको, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या.

प्रश्न : पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरून गाडीच्या सीटपर्यंत आलं होतं. आता ओसरलं आहे. सुरू करून बघू का?
– गावभाग, सांगली

उत्तर : मुळीच नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीकरांना हे नव्याने सांगायला नको, तरी सांगतो. किल्लीला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, आणि एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पाणी जड, ते तळाशी बसतं. पातळी मात्र वर गेलेली दिसेल. एकदा इंजिन फिरलं की दोन्ही घुसळून दुधाळ चहासारखं होतं आणि ते पाणी सगळीकडे पोचतं.

गाडी ओढूनच गॅरेजला न्या. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवणं, ऑइल आणि फिल्टर बदलणं, थोडा वेळ चालवून तेही काढून पुन्हा नवं घालणं, असा क्रम ठेवायला सांगा. गिअर बॉक्सचं ऑइलही तपासून घ्या. त्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा: पाण्यातून निघालेली गाडी सुरू करून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ची वेगळी जोड घेतलेली असावी लागते.